आतला तो वारस नव्हे! : नेस्टेड क्लास आणि इनहेरिटन्समधील फरक

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ हा विषय आता पदविकेपासूनच शिकवला जातो. क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स या शब्दांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. मात्र एका क्लासच्या पोटात दुसरा क्लास लिहिलेला दिसला की अनेकांची गल्लत होते. आतला क्लास हा बाहेरच्या क्लासचा वारसच असणार, बाहेरच्याचे सारे गुण त्याला आपोआप मिळणार, असा समज करून घेतला जातो. हा समज चुकीचा आहे.

‘नेस्टेड क्लास’ आणि ‘इनहेरिटन्स’ या दोन सर्वस्वी भिन्न संकल्पना आहेत. पहिली संकल्पना एखादा क्लास कोठे राहतो हे सांगते, तर दुसरी तो कोण आहे हे सांगते. घरात राहणारा प्रत्येक जण त्या घराचा वारस नसतो आणि वारसाने त्याच घरात राहिले पाहिजे असेही नाही. हा फरक केवळ गुणपत्रिकेपुरता महत्त्वाचा नाही. मोबाइल फोनची मेमरी अकारण अडकून पडणे किंवा एकदा झालेली चूक पुढे कित्येक वर्षे दुरुस्तच न करता येणे, अशा अडचणींच्या मुळाशी अनेकदा याच दोन संकल्पनांची चुकीची निवड असते.

क्लास आणि ऑब्जेक्ट

मुळात क्लास म्हणजे एखाद्या प्रकारच्या वस्तूंचा आराखडा. बँकेच्या आज्ञावलीत ‘खाते’ नावाचा क्लास असेल, तर प्रत्येक खात्याला क्रमांक, खातेदाराचे नाव आणि शिल्लक असेल, त्यात पैसे भरता येतील आणि त्यातून काढता येतील, एवढे सारे तो क्लास सांगतो. या आराखड्यावरून तयार होणारे एकेक प्रत्यक्ष खाते म्हणजे ऑब्जेक्ट. आराखडा एकच, खाती लाखो.

आता बँकेत बचत खाते असते, चालू खातेही असते. दोन्ही अखेर खातीच आहेत. त्यांचे क्रमांक, शिल्लक, पैसे भरण्याची रीत समान आहे. बचत खात्यावर व्याज मिळते, चालू खात्यावर सहसा मिळत नाही, एवढाच काय तो वेगळेपणा. अशा वेळी समान भाग पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी ‘बचत खाते’ हा क्लास ‘खाते’ या क्लासचा वारस म्हणून जाहीर केला जातो. यालाच इनहेरिटन्स म्हणतात. मूळ क्लासची सामग्री वारसाकडे आपोआप येते आणि त्यात स्वतःची भर घालण्याची किंवा काही गोष्टी बदलण्याची मुभा त्याला मिळते.

परंतु खात्याला आणखी एक गोष्ट लागते. पासबुकातील नोंद. तारीख, रक्कम, जमा की खर्च, हे तपशील तिच्यात असतात. नोंद हा खात्याचा प्रकार नव्हे. नोंदीत कोणी पैसे भरत नाही, नोंदीला खातेदार नसतो. ती खात्याच्या कामापुरती लागणारी गोष्ट आहे. खात्यापासून वेगळी काढली तर तिला फारसा अर्थही उरत नाही. म्हणून ‘नोंद’ हा क्लास ‘खाते’ या क्लासच्या आत लिहिला जातो. हा नेस्टेड क्लास. त्याला खात्याचा वारसा मिळत नाही. मिळतो तो पत्ता. त्याचे पूर्ण नाव ‘खात्यातील नोंद’ असे होते आणि जावा किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत खात्याची खासगी सामग्री वाचण्याची परवानगीही त्याला असते.

थोडक्यात, ‘बचत खाते हे एक प्रकारचे खाते आहे’ हे वाक्य खरे ठरते, तर ‘नोंद ही एक प्रकारचे खाते आहे’ हे वाक्य हास्यास्पद ठरते. दोन संकल्पनांमधील सीमारेषा नेमकी येथे आहे.

ऑस्लोत जन्म

या दोन्ही संकल्पनांची पाळेमुळे एकाच भाषेत सापडतात. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ‘सिम्युला’ ही भाषा विकसित केली. रांगा, वाहतूक, कारखान्यातील उत्पादन अशा व्यवस्थांची संगणकावर प्रतिकृती उभारणे, हा तिचा उद्देश होता. १९६७ मध्ये पुढे आलेल्या ‘सिम्युला ६७’ या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट आणि उपक्लास या कल्पना प्रथमच एकत्र आल्या. उपक्लास तयार करताना मूळ क्लासचे नाव त्याच्या आधी उपसर्गासारखे लिहिले जाई. त्यामुळे या रीतीला तेव्हा ‘प्रिफिक्सिंग’ म्हटले जात असे.

सिम्युला ही ‘अल्गोल ६०’ या भाषेच्या पायावर उभी होती. अल्गोलमध्ये आज्ञांच्या एका गटाच्या आत दुसरा गट लिहिता येई आणि आतल्या गटाला बाहेरच्या गटातील नावे दिसत. तीच सोय सिम्युलातील क्लासलाही मिळाली. म्हणजे एकात एक क्लास लिहिणे आणि एकापासून दुसरा क्लास निर्माण करणे या दोन्ही गोष्टी जन्मापासूनच शेजारी होत्या, परंतु एक नव्हत्या. या कार्याबद्दल डाल आणि निगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघांचेही निधन झाले.

भाषा तितक्या रीती

सिम्युलानंतरच्या भाषांनी वारशाची कल्पना उत्साहाने स्वीकारली. आतल्या क्लासबाबत मात्र प्रत्येकीने आपली वेगळी वाट धरली. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात घडलेल्या ‘स्मॉलटॉक ८०’ या भाषेत नेस्टेड क्लास नव्हतेच. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रुस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅबमध्ये ज्या कामाला प्रारंभ केला, त्यातून सी प्लस प्लस ही भाषा साकारली. तिच्यात आतला क्लास लिहिता येतो, परंतु बाहेरच्या ऑब्जेक्टशी त्याचे कोणतेही आपोआप नाते जुळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पमध्येही तसेच आहे. पायथनमध्ये तर आतल्या क्लासमधील फंक्शनला बाहेरच्या क्लासमधील नावे थेट दिसतही नाहीत. ती बाहेरच्या क्लासचे नाव घेऊनच मागावी लागतात.

जावामध्ये दोन प्रकार आहेत. ‘स्टॅटिक’ असे जाहीर केलेला नेस्टेड क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टविना स्वतंत्रपणे वापरता येतो. ‘स्टॅटिक’ हा शब्द न लिहिल्यास तो ‘इनर क्लास’ ठरतो आणि त्याचा प्रत्येक ऑब्जेक्ट बाहेरच्या एका विशिष्ट ऑब्जेक्टशी बांधला जातो. जावातील बहुतेक गोंधळ या एका शब्दाच्या असण्या-नसण्यातून उद्भवतो.

बटणाची गोष्ट

वारसा चुकीच्या जागी वापरला गेला आणि नंतर आतल्या क्लासने ती अडचण सोडवली, याचे उत्तम उदाहरण जावाच्याच इतिहासात आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जगापुढे आणलेल्या या भाषेच्या पहिल्या आवृत्तीत पडद्यावरील बटण दाबल्यावर काय व्हावे हे सांगण्याची रीत वारशावर बेतलेली होती. बटणाने किंवा ते ज्या चौकटीत आहे त्या चौकटीने प्रतिसाद द्यावा, यासाठी तिचा वारस क्लास तयार करायचा आणि त्यात प्रतिसादाचे फंक्शन नव्याने लिहायचे, अशी ती पद्धत होती. ‘जतन करा’ हे बटण आणि ‘रद्द करा’ हे बटण यांत बटण म्हणून काहीच फरक नाही. फरक आहे तो दाबल्यानंतर करायच्या कामात. तरीही त्या कामासाठी एक तर नवा वंश निर्माण करावा लागे किंवा एकाच फंक्शनमध्ये ‘हे बटण असेल तर हे, ते असेल तर ते’ अशी लांबलचक यादी लिहावी लागे.

१९९७ मध्ये आलेल्या जावा १.१ या आवृत्तीने ही रीत बदलली. बटण जसेच्या तसे ठेवायचे आणि ‘दाबले गेल्यास याला कळव’ असे सांगून एक छोटा श्रोता ऑब्जेक्ट त्याच्याकडे नोंदवायचा, अशी नवी व्यवस्था आली. हा श्रोता खिडकीच्या क्लासच्या आतच लिहिता यावा आणि त्याला खिडकीतील सामग्री सहज हाताळता यावी, याची सोय त्याच आवृत्तीत दाखल झालेल्या इनर क्लासने केली. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर लॅम्डा आले आणि अशा एका फंक्शनाच्या श्रोत्यांसाठी क्लास लिहिण्याची गरजही बरीच कमी झाली. मात्र धडा कायम राहिला. वागणूक बदलायची असेल तर प्रत्येक वेळी वंश वाढवण्याची आवश्यकता नसते.

अदृश्य दोरी

इनर क्लासची ही सोय फुकट मिळत नाही. त्याच्या ऑब्जेक्टला बाहेरच्या ऑब्जेक्टची सामग्री दिसावी म्हणून कंपायलर त्याच्यात बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक छुपा संदर्भ ठेवतो. प्रोग्रॅमरने तो लिहिलेला नसतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. जावामध्ये वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी केली जाते खरी, परंतु ज्या ऑब्जेक्टकडे कोणाचा तरी संदर्भ शिल्लक आहे तो ‘वापरात’ समजला जातो. आतला ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंत ही अदृश्य दोरी बाहेरच्यालाही धरून ठेवते.

अँड्रॉइड फोनवर याचा फटका विशेष जाणवला. अँड्रॉइडमध्ये एक पडदा म्हणजे एक ‘अॅक्टिव्हिटी’ ऑब्जेक्ट. फोन आडवा केला की नेहमीच्या व्यवस्थेनुसार जुनी अॅक्टिव्हिटी मोडीत निघते आणि नवी तयार होते. समजा, जुन्या अॅक्टिव्हिटीच्या आतील इनर क्लासने ‘दहा मिनिटांनी हे काम कर’ असा निरोप रांगेत लावून ठेवला आहे. तो निरोप सुटेपर्यंत रांग त्या आतल्या ऑब्जेक्टला सोडत नाही आणि आतला ऑब्जेक्ट अॅक्टिव्हिटीला सोडत नाही. परिणामी त्या पडद्यावरील चित्रे, मजकूर, बटणे असा सारा संसार मेमरीत अडकून पडतो. फोन चार वेळा फिरवला तर चार संसार. ही चूक इतकी सर्रास होऊ लागली की अँड्रॉइडच्या कोड तपासणाऱ्या साधनात तिच्यासाठी स्वतंत्र इशाराच समाविष्ट करण्यात आला.

उपाय साधा आहे. बाहेरच्या ऑब्जेक्टची गरज नसेल तर आतला क्लास ‘स्टॅटिक’ करावा. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून कंपायलरनेही थोडी दक्षता घेण्यास सुरुवात केली. आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टचा वापरच करीत नसेल, तर बहुतेक प्रसंगी तो छुपा संदर्भ साठवून ठेवला जात नाही. जेटब्रेन्स कंपनीच्या कोटलिन भाषेने तर नियमच उलटा केला. तेथे आतला क्लास मुळात सुटा असतो. दोरी हवी असेल तर ‘इनर’ हा शब्द मुद्दाम लिहावा लागतो.

वारशाची किंमत

दोरी कापता येते, वारसा मात्र सहसा परत घेता येत नाही. कारण वारसा हे जगाला जाहीरपणे दिलेले वचन असते. ‘हा त्याचाच प्रकार आहे’ असे एकदा सांगितले की मूळ क्लास जेथे चालतो तेथे वारसही चालला पाहिजे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मधील एका व्याख्यानात हा निकष मांडला आणि १९९४ मध्ये जीनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात तो अधिक काटेकोरपणे स्पष्ट केला. लिस्कोव्ह यांना २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हा निकष न पाळल्यास काय होते, हे जावाच्याच ग्रंथालयात पाहायला मिळते. ‘स्टॅक’ म्हणजे ताटांची चवड. वरचे ताट ठेवायचे आणि वरचेच उचलायचे, हा तिचा एकमेव नियम. पहिल्या आवृत्तीत हा क्लास ‘व्हेक्टर’ या यादीच्या क्लासचा वारस करण्यात आला. यादीत मात्र कोठेही घुसवता येते आणि मधूनच काढताही येते. तो सारा अधिकार वारशाने चवडीकडे आला आणि तिचा नियम कागदावरच राहिला. यादीला आतला साठा म्हणून वापरले असते तर काम भागले असते. पण जगभरचे प्रोग्रॅम या क्लासवर विसंबून असल्याने हे नाते तोडता आले नाही. आता जावाची अधिकृत माहितीपुस्तिकाच त्याऐवजी ‘डेक’ वापरण्याची शिफारस करते.

दुसरे उदाहरण जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आढळते. एका संचात आजवर किती वस्तू घातल्या हे मोजण्यासाठी ‘हॅशसेट’चा वारस क्लास लिहिला. एक वस्तू घातली की गणना एकाने वाढवायची आणि अनेक वस्तू एकदम घातल्या की तितक्यांनी वाढवायची. तीन वस्तू एकदम घातल्यावर गणना मात्र सहा दाखवते. कारण मूळ क्लासमधील ‘अनेक घाला’ हे फंक्शन आतून ‘एक घाला’ यालाच पुन्हा पुन्हा हाक मारते आणि ती हाक वारसाकडे येते. मूळ क्लासच्या आत काय चालते हे वारसाला ठाऊक असावे लागते. वारशाची खरी किंमत हीच. वारसा देण्याऐवजी एक ऑब्जेक्ट दुसऱ्याकडे काम सोपवण्यासाठी ठेवावा, हा सल्ला गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसाइड्स यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या प्रसिद्ध पुस्तकानेही १९९४ मध्ये दिला होता.

दोन्ही एकत्र आल्यावर

भिन्न असल्या तरी या दोन संकल्पना एकमेकींच्या वैरी नाहीत. एकच क्लास एकाच्या घरात राहणारा आणि दुसऱ्याचा वारस असू शकतो. जावातील ‘हॅशमॅप’ या क्लासच्या आत किल्ल्यांचा संच दाखवणारा ‘कीसेट’ नावाचा इनर क्लास आहे. तो ‘अॅब्स्ट्रॅक्टसेट’चा वारस आहे. संच म्हणून कसे वागायचे हे तो वारशातून घेतो आणि प्रत्यक्ष किल्ल्या ज्या घरात राहतो तेथून आणतो. बाहेरच्यांना त्या आतल्या क्लासचे नावही माहीत असण्याची गरज नसते.

अशा वेळी एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. आतल्या क्लासने एखाद्या फंक्शनला नुसत्या नावाने हाक मारली आणि त्या नावाचे फंक्शन घरातही आहे, वंशातही आहे, तर ओ कोणी द्यायची? जावामध्ये वंशाला प्राधान्य मिळते. यात धोका असा, की मूळ क्लासच्या निर्मात्याने उद्या त्याच नावाचे नवे फंक्शन जोडले, तर आजवर घराकडे जाणारी हाक तिकडे वळू शकते. जावा भाषेच्या अधिकृत व्याख्येचे एक सहलेखक गिलाड ब्राखा यांनी २००७ मध्ये या प्रश्नाचा ऊहापोह केला. त्यांच्या ‘न्यूस्पीक’ या भाषेत घरात स्पष्टपणे लिहिलेल्या नावाला प्रथम मान मिळतो, कारण प्रोग्रॅमरच्या डोळ्यांसमोर तेच असते.

निवड कशी करावी?

नवा क्लास लिहिताना प्रथम ‘हा त्याचाच एक प्रकार आहे का’ असे विचारावे. उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असेल आणि मूळ क्लासचे प्रत्येक वचन वारस पाळणार असेल, तरच इनहेरिटन्सचा मार्ग घ्यावा. केवळ लिहिण्याचे श्रम वाचतात म्हणून वारसा जोडू नये. उत्तर ‘नाही, पण हा केवळ त्याच्याच कामाचा आहे’ असे असेल, तर तो नेस्टेड करावा आणि शक्यतो खासगी ठेवावा. त्याला बाहेरच्या ऑब्जेक्टची खरोखर गरज नसेल, तर जावामध्ये ‘स्टॅटिक’ लिहिण्यास विसरू नये. आणि तो इतरत्रही उपयोगी पडणारा असेल, तर दोन्ही मोह टाळून त्याला स्वतःची स्वतंत्र फाइल द्यावी.

आतल्या क्लासची जागा चुकली तर तो खासगी असल्याने निर्मात्याला तो गाजावाजा न करता हलवता येतो. वारशाची चूक मात्र त्यावर विसंबलेल्या प्रत्येकाला भोगावी लागते. कोटलिनमध्ये कोणताही क्लास मुळात वारसाविना असतो आणि वारस नेमण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ ने ‘सील्ड’ क्लासद्वारे वारसांची यादी आधीच निश्चित करण्याची सोय दिली, तर गुगलच्या गो या भाषेत क्लासचा वारसा मुळातच ठेवलेला नाही. अर्धशतकाच्या अनुभवानंतर भाषांचे निर्माते वारसपत्रावर सही करताना असे जपून पाऊल टाकू लागले आहेत. प्रोग्रॅमरनेही तेवढेच जपावे.